नगरसेवकांचा गुलाबी झगा

घानातल्या केप कोस्टच्या आमच्या वस्तीत नळ कोरडे. नगरसेवक क्वान्सा म्हणायचे, "पाणी भरपूर सोडतो, तुम्हीच सांडता."

पॉलिटेक्निकच्या एफुआ मॅडमनी विद्यार्थिनींना कामच दिलं: पाणी मुरतं कुठे ते शोधा. मुलींनी वस्तीत घरोघरी कल्पना देऊन वस्तीच्या टाकीत खायचा लाल रंग मिसळला. आमच्याकडे थेंबही आला नाही.

रविवारी क्वान्सा बायकोसोबत चर्चमध्ये आले, तर त्यांचा पांढरा झगा गुलाबी!

"साहेब, हे काय?" मासळीवाल्या अराबा मावशींनी विचारलं.

"नवी फॅशन!"

"आणि बाईसाहेबांचे पांढरे केस गुलाबी झालेत, तीही फॅशनच?"

पाद्रीसुद्धा हसू लागले. सोमवारी क्वान्सांनी चोरून जोडलेला पाइप मुकाट्याने काढला. त्या दिवशी अराबा मावशींनी दोनदा अंघोळ केली.