रिकाम्या खोल्यांची मिनिटं

स्क्रू तळहातावर होता. काळा, बुटका, चपट्या डोक्याचा, आणि तो उरला होता. आठ हार्ड डिस्क, प्रत्येकीला चार, म्हणजे बत्तीस... पाकिटात एखादा जास्तीचा टाकतात, तसा हा तेहतिसावा असेल. नाहीतर मग आत कुठल्यातरी डिस्कच्या बुडाला एक भोक रिकामं राहिलं असेल. ही दुसरी शक्यता त्याला मनापासून आवडली. कारण मग आठही डिस्क नव्या सर्व्हरच्या खणांतून पुन्हा बाहेर काढायच्या, एकेक उलटी करून बघायची, पुन्हा बसवायची, म्हणजे अर्धा तास सहज जाईल. अर्धा तास काही थोडाथोडका नसतो.

मागे टेबलावर दोनदा टकटक झाली. दोन म्हणजे चहा. एक म्हणजे हो, तीन म्हणजे 'अहो, इकडे बघा', आणि सलग वाजत राहिलं तर समजावं की आपलं काहीतरी चुकलंय. चार महिन्यांत ही भाषा कुणी न शिकवता घरात रुळली होती. त्याने वळून पाहिलं तर बायकोने कप ठेवला होता आणि ती पाटीवर लिहीत होती. लेकीने आणून दिलेली पातळ काळी पाटी, तिच्यावर हिरवट अक्षरं उमटत आणि बटण दाबलं की क्षणात सगळी नाहीशी होत.

'एक उरणारच. तुम्ही पंखा दुरुस्त केलात तेव्हा तीन उरले होते.'

"तो पंखा अजून फिरतोय," तो म्हणाला.

'भीत भीत.'

बटण, आणि पाटी कोरी. ती हसली. हसताना आता फक्त खांदे हलत. गळ्याच्या खळगीवर बांधलेल्या मऊ कापडाच्या चौकोनाखालून हवा फुसफुसत बाहेर पडे. तो चटकन डिस्ककडे वळला. तो आवाज सुरू झाला की दुसरीकडे वळायची त्याला सवयच लागली होती — आवाजावर पोट भरलेल्या माणसाला! आवाज ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्याने बायकोच्या श्वासाकडे पाठ करायची... पण वळायचा खरा.

चाळीस वर्षं त्याने ध्वनिमुद्रण केलं. माहितीपट, नाटकं, मुलाखती, मिळेल ते. आणि कुठल्याही खोलीतलं काम आटोपलं की तो हात वर करून म्हणायचा, "एक मिनिट, सगळे गप्प." मग साठ सेकंदं खोलीचा स्वतःचा आवाज टिपायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे बोलण्यातला एखादा खोकला काढून टाकला की त्या भोकाला ठिगळ लागतं ते त्याच खोलीच्या शांततेचं, दुसरीचं चालत नाही. हे सगळेच ध्वनिमुद्रक करतात. फरक एवढाच की बाकीचे काम झाल्यावर ती शांतता फेकून देतात आणि याने पंधराशे जपून ठेवल्या. युनिटातली माणसं त्याला मिनिटकाका म्हणायची. समोर म्हणायची आणि मागेही.

आणि त्या प्रत्येक मिनिटाच्या आधी ती बोलायची. लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर जायची, आधी हौसेने, मग पगारावर ठेवायला माणूस परवडेना म्हणून. केबल गुंडाळायची, माइकची काठी धरायची, आणि यंत्र सुरू झालं की खोलीचं वर्णन सांगायची, म्हणजे पुढे गोंधळ नको. 'रिकामा वर्ग. खिडक्या बंद. बाकं पंचवीस.' 'दवाखान्याचा जिना, दुपार, खाली कुणीतरी लादी पुसतंय.' कधी मधेच, 'अहो, इथे मला भूक लागलीय, हेही राहू दे.' दहा सेकंदं, बारा सेकंदं. मग ती गप्प उभी राहायची आणि मिनिट सुरू व्हायचं.

डिस्क उलटी केली. चारही जागच्या जागी होते. पुढची...

दुपारी लेकीचा फोन आला. दुसऱ्या शहरातून बापाकडून काम करून घ्यायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण तिचा त्यात हातखंडा होता.

"बाबा, झाला का सर्व्हर तयार?"

"होतोय."

"तीन आठवडे होतोयच! अहो, लोकांची घरं बांधून होतात."

"घाई करून चालत नाही गं. आठातल्या दोन डिस्क एकाच वेळी मेल्या ना, तरी आतलं काही जात नाही, अशी रचना आहे. एकोणीस जुन्या डिस्क यात ओतायच्यात. एकदा झालं की झालं."

"मला काय त्याचं! मला आई हवीय. त्या वाचोपचारवाल्या बाई म्हणाल्या, वीस मिनिटं स्वच्छ आवाज पुरे. तेवढ्यावर फोन तिच्या आवाजात बोलेल. आई लिहील आणि फोन तिच्यासारखं बोलेल, बाबा! मी सगळ्यांच्या मोबाइलमधून गोळा केलं, चार मिनिटंसुद्धा भरलं नाही, आणि त्यातही मागे गाणी आणि पोरांचा कल्ला. आणि तुमच्याकडे तासन्‌तास आहे. 'रिकामा वर्ग, खिडक्या बंद.' शाळेत मी तिची नक्कल करायचे, आठवतंय?"

"आठवतंय."

"मग?"

"संध्याकाळपर्यंत बघतो," तो म्हणाला, आणि आपण हे काय बोलून बसलो, असं त्याला झालं. "मी सातला करते," असं म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा.

खरं असं होतं — आणि हे खरं त्याने चार महिने गुळणी धरून तोंडात ठेवलं होतं — की त्या डिस्कमध्ये काय आहे ते त्याला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी कामं कमी झाली आणि हाताला चाळा म्हणून त्याने सगळ्या मिनिटांची साफसफाई काढली. प्रत्येक फाइलचं तोंड छाटलं, शेपूट छाटलं, मधली नेमकी साठ सेकंदं ठेवली. ती जे बोलली होती ते तो टाइप करून फाइलला नाव म्हणून देत गेला, रिकामा वर्ग खिडक्या बंद बाकं पंचवीस, आणि आवाज काढून टाकत गेला. निमित्त जागेचं होतं. खरं म्हणजे त्याला ती एका मापाची, स्वच्छ, कुणी शिंकलं खोकलं नाही अशी शांतता एका रांगेत बघायची होती. दीड महिना लागला. प्रती होत्या त्यांच्यावरही तेच. अर्धवट काम त्याच्या स्वभावात नव्हतं. संपलं त्या दिवशी अभिमानाने तिला म्हणाला होता, "बघ, चार तासांचा कचरा काढला!"

"कचरा?" ती म्हणाली होती, आणि हसली होती, मोठ्याने. ते हसणंही कुठे नाही.

पण एवढ्यावर भागलं असतं तर... डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं, तारीख दिली, आणि मधे अकरा दिवस होते. अकरा दिवस! घरात सात माइक. चौथ्या दिवशी त्याने एक माइक टेबलावर मांडलाही. ती म्हणाली, "नको हो, मला भाषण करायला लावू नका." आणि तो, शहाणा, म्हणाला, "बरं, राहू दे. तीस वर्षांची आहेस तू माझ्याकडे." माइक पुन्हा पेटीत गेला. शपथेवर सांगायचं तर त्या वेळी त्याला ती साफसफाई आठवलीच नव्हती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाई केराची टोपली मोठ्या पिशवीत उलटी करत होती, ते बघताना आठवली.

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. आणि झोपा तरी कसा? आठ खणी, दोन डिस्क मेल्या तरी न ढळणारा, वीज गेली तरी वीस मिनिटं जागा राहणारा. तो काही सांभाळण्यासाठी हे बांधत नव्हता, सांगायची वेळ पुढे ढकलण्यासाठी बांधत होता. हे त्याला कळत होतं. फक्त एवढीच आशा... एकोणीस जुन्या डिस्कांपैकी एखादी त्या साफसफाईतून सुटली असेल. एखादं तोंड छाटायचं राहिलं असेल. आयुष्यात त्याच्या हातून काहीतरी अर्धवट राहिलं असेल!

आठवीही तपासून झाली. भोक रिकामं नव्हतं. स्क्रू खरोखरच जास्तीचा होता.

त्याने तो खिशात टाकला आणि बटण दाबलं. पंखे घुमले, आठ हिरवे दिवे एकामागून एक लागले. पडद्यावर प्रश्न आला, या डिस्कांवर असलेलं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? नव्याकोऱ्या डिस्क, पुसायला त्यांच्यावर काही नव्हतंच, तरी त्याचं बोट थबकलं. असा प्रश्न त्याला बारा वर्षांपूर्वीही पंधराशे वेळा विचारला गेला होता आणि पंधराशे वेळा तो हो म्हणाला होता. आत्ताही हो म्हणाला.

मग जुन्या डिस्क. बुटांच्या खोक्यांतून एकेक निघाली, जोडली गेली, मिनिटांचं फोल्डर तेवढं आधी ओतून घेतलं. अकरावी झाली तेव्हा उन्हं लादीवरून सरकत भिंतीवर चढली होती. बारावीने नुसतीच टिकटिक केली आणि गप्प झाली. मेलेली म्हणून तिला त्याने बाजूला ठेवलं. एकोणिसावी साडेसहाला संपली. आता यादीला फक्त लांबीप्रमाणे लावायचं होतं. ऐकायचीसुद्धा गरज नव्हती. एखादी फाइल मिनिटाहून मोठी असेल तर ती सगळ्यात वर येणार, आणि तिच्या तोंडाशी ती असणार.

एक टिचकी. ती मारायला त्याने आणखी बारा मिनिटं लावली. चष्मा पुसला, कप विसळून आला.

एक मिनिट. एक मिनिट. एक मिनिट. तो खाली सरकत गेला, पुन्हा वर आला; जणू फिरून आल्यावर एखादी बदलली असती. किती नीटस काम केलं होतं! एवढी स्वच्छ रांग त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

तीन टकटक.

ती केव्हापासून मागे उभी होती कुणास ठाऊक. तो पडदा झाकायला गेला, आणि मग नाही गेला. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

"अगं," तो म्हणाला, "तुझा आवाज... माझ्याकडे नाहीये. मीच..."

तिने हात वर केला. नेमका त्याच्यासारखा, सगळे गप्प म्हणताना तो करायचा तसा. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि लिहू लागली. पाटीवर पेनची खरखर, मधे थांबणं, पुन्हा खरखर.

'माहीत आहे. चार तासांचा कचरा.'

"कधीपासून?"

'तुम्ही माइक मांडलात तेव्हाही माहीत होतं.'

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चढला, आणि चढल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. "अकरा दिवस होते आपल्याकडे. एक शब्द बोलली असतीस..."

तिने पाटी कोरी केली. मग लिहिलं, 'शेवटचं म्हणून काही बोलायचं नव्हतं मला. तुम्ही माइक उचलून ठेवलात, बरं वाटलं.'

तिचं बोट बटणाकडे गेलं. "थांब," तो म्हणाला. त्याने ती दोन वाक्यं पुन्हा वाचली, मग आणखी एकदा, आणि मान हलवली. तेव्हा तिने पुसलं.

'लेकीला मी सांगेन,' तिने लिहिलं. मग, 'एखादं लावा तरी. एवढा दारूगोळा जमवलाय.'

त्याने मधलंच एक लावलं. रिकामा वर्ग खिडक्या बंद बाकं पंचवीस. स्पीकरमधून खोली आली. लांबवर कुठेतरी घंटेच्या लोखंडाची उरलेली गुणगुण, लाकूड उन्हाने तडकल्याचा एक बारीक आवाज. त्याला ती पाठ होती. रिकामी खोली. बायकोने पाटी पुढे सरकवली.

'रिकामी कुठली? मी उभी आहे ना. खिडकीपाशी.'

तो ऐकत राहिला.

'श्वास रोखून धरायचे. नाहीतर तुम्ही चिडायचात.'

चाळीस सेकंदं. पन्नास. त्याने डोळे मिटले. वर्ग तोच होता, पण आता खिडकीपाशी कुणीतरी श्वास धरून उभं होतं, आणि त्या खोलीचा आवाज त्या धरलेल्या श्वासाभोवतीच वळून जात होता. हे आपल्याला, आपल्यासारख्या तयार कानाच्या माणसाला, पंधराशे खोल्यांत एकदाही ऐकू आलं नाही... छप्पन्न. सत्तावन्न. आणि अठ्ठावन्नाव्या सेकंदाला, अगदी तळाशी, नाकातून श्वास सुटायला लागला. जेमतेम सुरू झाला. आणि तिथे त्याची कात्री होती.

खोली बंद पडली. पंख्यांची घुमघुम तेवढी राहिली.

शेजारी, कापडाच्या चौकोनाखालून, तिने इतका वेळ धरलेला श्वास सोडला. लांब, फुसफुसत, शेवटी किंचित थरथरत. तो वळला नाही. जागचा हलला नाही. तो आवाज कुठे सुरू होतो, कुठे ओलसर होतो, कुठे विरतो, हे तो एखादी नवी खोली ऐकावी तसा ऐकत होता, आणि दुसरा केव्हा येतो याची वाट बघत होता. टेबलावर फोन वाजू लागला होता. सात वाजले असतील. 'हो, घ्या' म्हणून तिने एकदा टकटक केली; त्याने हात वर केला.

"एक मिनिट," तो म्हणाला.