सात नंबरची खाट

बायको गेल्याचं सुताराला मंगळवारी सकाळी कळलं, तेही वॉर्डातल्या मावशींकडून. दुपारी दवाखान्याचा रोजचा फोन आलाच.

"सात नंबर स्थिर आहेत. अर्धं जेवल्या."

"ताटात अर्धं टाकणारी नव्हती ती," सुतार म्हणाला. "आणि सकाळीच गेली."

"मग उद्या पूर्ण लिहू का?" पलीकडची मुलगी म्हणाली. पुढ्यात होतं ते वाचत होती बिचारी.

साथीत मेलेल्यांना नेणाऱ्या गाडीनं बायकोला परस्पर स्मशानात नेलं होतं. शेवटचं तोंडही पाहता आलं नव्हतं. निदान ती मेल्याचा कागद हाती असावा, एवढंच आता त्याला हवं होतं. तो दवाखान्याच्या कारकुनाकडे गेला. रजिस्टरात तिचं नाव तसंच होतं.

"खोडा की."

"काका, खोडलं की खाट रिकामी. रिकाम्या खाटेचा ऑक्सिजन वरून बंद होतो. नवं नाव मंजूर व्हायला आठ दिवस." कारकुनानं दारातून सात नंबर दाखवला. खाटेवर एक मिशीवाला ड्रायव्हर धापा टाकत होता. "हा आठ दिवस काढेल का, तुम्हीच सांगा."

सुतारानं पाहिलं. धाप लागली की खाट डगमगत होती. तोंडाला फडकं बांधून तो आत गेला, खिशातली लाकडी पाचर खाटेच्या पायाखाली ठोकली आणि म्हणाला, "राहू दे नाव."

तेव्हापासून ड्रायव्हर सुताराच्या बायकोच्या नावाला ओ देऊ लागला. "बाई, कुशीवर व्हा," मावशी म्हणत आणि तो निमूट वळे. फोन रोज येई. आज ताप नाही. आज उठून बसल्या. आज दाढी केली. एकदा फोन यायला उशीर झाला, तर सुताराचा जीव खालीवर झाला.

पंधराव्या दिवशी ड्रायव्हर आपल्या पायांनी सुताराच्या दारात आला. त्याच्या हातात कागद होता.

"दादा, वहिनींचा आहे."

कागदावर लिहिलं होतं, पूर्ण बऱ्या होऊन घरी गेल्या.

सुतार तसाच दवाखान्यात गेला. कारकुनानं कागद उलटसुलट पाहिला.

"बऱ्या झालेल्या माणसाच्या मरणाची नोंद कशी करू, काका? आधी परत भरती व्हावं लागेल."

"कुणी?"

"बाईंनी."

सुतार वॉर्डात गेला. सात नंबरवर आता एक म्हातारी होती. त्यानं वाकून पाचर घट्ट आहे का ते पाहिलं आणि घरी आला.

बायको मेल्याची नोंद अजून व्हायची आहे.