धरणारी अक्का

"हात घट्ट धर गो अक्का, लौकर!" नंदिता म्हणाली आणि पदर पोटाशी आवळून स्वतः दोन पावलं मागे सरली.

सुब्बलक्ष्मीला आधी वास आला. चुना, धुण्याचा सोडा आणि त्याखाली कुजलेला कडुनिंब. टेबलावर नंदिताची सहा वर्षांची मुलगी चैत्रा पडली होती. गालांवर आणि काखेत मधोमध खळी असलेले चकचकीत बारीक फोड. मानेवर चुना थापला होता तिथली कातडी भाजून पिवळी, चिकट झालेली. कुंभकोणमच्या या दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स म्हणून तिने पू पाहिला, किडे पडलेल्या जखमा धुतल्या, आणि नंतर डबा उघडून लिंबूभातही खाल्ला. आज मात्र तिने आधी खिडकी उघडली.

"हे कोणी लावलं?" तिने विचारलं. नाव पुकारतानाच ओळख निघाली होती. दोघी घरी तंजावरी मराठी बोलणाऱ्या.

"सासूनं. पयलं अम्मन देवी आली म्हणट्लं. तीन आठवडे मागच्या खोलीत निंबाच्या पाल्यावर निजवली. ताट वेगळं. कोणी शिवलं नाही."

"न्हाऊ कोण घालत होतं?"

"दारातून पाणी ओतत होतों की. तरी जाईनात, मग चुना."

डॉक्टर विजयराघव तमिळमध्ये शांतपणे समजावत होते. या कांजिण्या नव्हेत, देवीचा कोप तर नव्हेच. मुलांना होणारा विषाणूचा साधा संसर्ग. बहुधा वर्षभरात, कधी थोडा उशिरा, आपोआप जातो. टॉवेल वेगळा ठेवा, खाजवू देऊ नका. पोरीला वेगळं ठेवायचं कारण नाही. औषध लावता येतं, फोड गोठवता येतात, खरवडता येतात. पण आधी भाजलेलं बरं होऊ दे.

"नको डॉक्टर, सगळे आजच काढा," नंदिताने हट्ट धरला. "रविवारी नणंदेचं लग्न आहे. फोटोत ही अशी उभी राहील?"

डॉक्टरांनी बधिर करणाऱ्या मलमाची ट्यूब पुढे केली. तासभर थांबावं लागेल म्हणताच बाई घड्याळ बघू लागली. शेवटी ते कंटाळले. "गालावरचे चार काढतो," म्हणत त्यांनी खरवडायचं हत्यार उचललं आणि सुब्बलक्ष्मीकडे पाहून मान हलवली. म्हणजे, धर.

एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. पोरांच्या आया तिला नावाने ओळखत नसत. ती 'धरणारी अक्का'. महामहम तलावाच्या काठी ती भाजी घ्यायला गेली तरी एखादं पोर तिला ओळखून भोकाड पसरायचं. किती मनगटांवर आपल्या बोटांचे वळ उठले असतील, या विचाराने तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली. आणि नंदिताच्या त्या आवळलेल्या पदराची त्याहून जास्त.

"मी नाही धरणार," ती तमिळमध्ये म्हणाली, डॉक्टरांना नीट कळेल असं. "बाईंना एवढी घाई आहे तर बाईंनी धरावं."

डॉक्टर नंदिताकडे बघत थांबले. तिने पदर आणखी आवळला. हात काही पुढे आला नाही.

डॉक्टरांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि भाजल्यावरचं मलम लिहून द्यायला ते टेबलाकडे वळले.

"ऊठ बाळ," सुब्बलक्ष्मी म्हणाली. "आज काही काढायचं नाही."

चैत्रा उठली नाही. पडल्या पडल्याच तिने दोन्ही मनगटं पुढे केली.

"तरी धर की अक्का," ती म्हणाली. "थोडा वेळ. मी हलत नाही."

सुब्बलक्ष्मीने हातमोजे काढून टाकले, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जाईपर्यंत ती मनगटं हातात घेऊन बसून राहिली.