पेटीचं सागवान

तारा गाडीतून उतरली तेव्हा ओसरीत करवत चालू होती. मच्छिंद्र सुतार एका फळीवर गुडघा रोवून बसला होता आणि त्याच्या पायाशी तांबूस भुशाचा ढीग साठला होता. वास ओळखीचा होता. ताराने फळीकडे पाहिलं आणि तिचा उंबऱ्यात टाकलेला पाय तिथंच थबकला.

ते पेटीचं सागवान होतं.

तारा चार वर्षांची असताना अप्पांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, रामरावांनी, त्या सहा फळ्या कन्नडच्या बाजूहून गाडीत घालून आणल्या होत्या. तेव्हापासून त्या गोठ्याच्या माळ्यावर होत्या. दर दिवाळीला अप्पा त्या खाली काढायचे, करंजीचं तेल चोळायचे, पुन्हा वर ठेवायचे. कुणी मागितल्या तर म्हणायचे, "ह्या न्हाई मिळायच्या. ह्या ताराच्या पेटीच्या हायेत." केदारखेड्यात लेकराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, पेटी म्हणजे कसली पेटी. लेक सासरी निघाली की तिच्या लुगड्या-भांड्यांची जी पेटी गाडीत मागं ठेवतात, ती.

"आलीस व्हय बाई!" मच्छिंद्र हसला आणि करवत थांबवून त्यानं लगोलग एक गोणपाट फळ्यांवर ओढलं. "जा जा, आत जा. माय वाट बघून राह्यली."

गोणपाट कशाला ओढलं, हे तारा दिवसभर मनात घोळवत राहिली.

हैदराबादेत दीनानाथमामांकडे राहून ती बी.ए. झाली होती. आता नागपूरला एम.ए.ला जायचं होतं. प्रवेशाचं पत्र आलं होतं, वसतिगृहात जागा मिळाली होती. अप्पांना तिनं लिहिलं तेव्हा त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं : "जा. शुक्रवारच्या गाडीला जालन्याला सोडायला मी येतो. त्याआधी चार दिवस घरी ये." त्या दोन ओळी तिनं इतक्यांदा वाचल्या होत्या, की घडीवर कागद फाटायला आला होता. आता मात्र तिला त्यातली तिसरीच ओळ दिसायला लागली. चार दिवस घरी ये. कशाला?

चतुराबाईलाही असंच घरी बोलावलं होतं.

चतुरा म्हणजे शेजारची, ताराची जोडीदारीण. दोघी एका पाटीवर अक्षरं गिरवायला शिकल्या. चतुरा चौथीत असताना तिला आत्याकडून तुळशीच्या लग्नाला आणली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळाला बाशिंग बांधलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. वाईट हेतूनं नव्हे. लेकीला काय सांगायचं असतं, एवढंच. सध्या ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

मंगळवारी घरी कासार आला. दुर्गाबाईंनी लेकीचा हात त्याच्यापुढं धरला. "हिरव्या भर. दोन्ही हातात, बिलकुल गच्च."

"माय, इतक्या कशाला? लिहिताना आडव्या येतील."

"येऊ दे आडव्या," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या डोळ्यांत न बघता उठून चुलीकडे गेल्या. बांगड्या भरता भरता कासार स्वतःशीच हसत होता. ओसरीच्या कडेला बसून तांदूळ निवडणाऱ्या सगुणाबाईंनी गळा मोकळा केला. सगुणाबाई म्हणजे गावाची जाणती. बारसं असो, लग्न असो, पहिल्या हाकेला त्याच.

*हिरवा बाई चुडा, भरा गं दोन्ही हाती*
*लेक निघाली दूर, माय पदरा मारी गाठी*

ताराने हात ओढून घेतला तसं एक काकण फुटलं.

"हळू गं बाई," कासार म्हणाला. "नवी नवरी बी इतकी घाबरत न्हाई."

बुधवारी अप्पा भोकरदनच्या बाजाराहून परत आले ते बगलेत गाठोडं घेऊन. तारा पाणी द्यायला गेली तर त्यांनी गाठोडं पाठीमागं सरकवलं. मग दाराआडून तिच्या कानावर आलं, "गुरुवारपस्तोर तिला काई कळू द्यू नको. एकदा समोर मांडलं की मंग न्हाई म्हणायची न्हाई." आणि मायचं हळूच बोलणं, "मला भ्याव वाटून राह्यलं. शिकलेली हाय. हसंल न्हाई तर रडंल."

त्या वर्षातली लग्नाची शेवटची तीथ गुरुवारचीच होती. सगुणाबाई परवाच कुणाशी तरी बोलल्या होत्या, त्यानंतर चार महिने काई न्हाई म्हणून.

घरी विचारावं तर जीभ रेटेना. बापाला सरळ विचारणारी ती नव्हती असं नाही. चार गावं बघितलेली, सभेत भाषण केलेली पोर ती. पण विचारलं आणि अप्पा नुसते "हं" म्हणाले, तर? न विचारता निदान आशेला जागा होती. तिनं पदवीचा कागद आणि नागपूरचं पत्र फडक्यात गुंडाळलं आणि लुगड्याच्या आतून कमरेला बांधलं. जालना बारा कोस. पहाटे निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचता येईल, असा हिशोब करत ती पूर्णेच्या काठाकाठानं निष्कारण फिरून आली. पेरण्या आटोपल्या होत्या. सरकीचे दोन-दोन पानांचे कोंब काळ्या रानात ओळीनं उभे होते, शाळेतल्या पोरांसारखे.

परत येताना ती चतुराच्या अंगणात थांबली.

"चतुरे, खरं सांग. तुला कधी कळलं होतं? तुझ्या लग्नाचं?"

चतुरा मांडीवरच्या बाळाला तेल लावत होती. वर न बघताच म्हणाली, "हळद दळली तवा. पाहटं जात्याचा आवाज आला, म्या म्हणलं दाळ दळतेत. उठून बघते तं पीठ पिवळं. मंग समजलं." तिनं बाळाची टाच चिमटीत धरून चोळली. "आता काय त्याचं. तू कशाला इचारती?"

"उगीच."

"उगीच इचारणारी तू न्हाईस," चतुरा म्हणाली. पण तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि बोलणं तिथंच राहिलं.

गुरुवारी पहाटे घरघर ऐकू आली तेव्हा तारा जागीच होती. माजघराच्या पलीकडून जात्याचा आवाज येत होता आणि त्यावर सगुणाबाईंचा घोगरा, ठाम गळा.

*पूर्णेच्या पल्याड, रस्ता वळला वळला*
*लेकीच्या पायाखाली, माझा जीव अंथरला*

लेक सासरी जाताना म्हणायची चाल ती. तारा उठली. कमरेचं फडकं चाचपलं. जात्याच्या एका बाजूला सगुणाबाई, दुसऱ्या बाजूला माय. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. मधे दिवा. आणि जात्याच्या भोवती, दगडाच्या काठावरून झरझर खाली उतरणारं पीठ.

पिवळं.

ताराने वाकून बोट लावलं. दिव्यापुढं धरलं. पिवळंच होतं. मग ती जात्यापाशी मटकन बसली.

"मला न्हाई करायचं लगीन," ती म्हणाली. चार वर्षं हैदराबादेत घोटलेली भाषा कुठल्या कुठं गेली. "माय, पाया पडते तुझ्या. म्या पळून जाईन. मला नागपूरला जाऊ द्या."

जातं थांबलं. दोघी बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"कुणाचं लगीन?" सगुणाबाईंनी विचारलं.

"माझं. आज. ही हळद..."

"हळद?" सगुणाबाईंनी तिचं बोट धरलं आणि तिच्याच तोंडाकडं नेलं. "चाट. चाट म्हणते ना! एवढी बी.ए. झाली, जीभ हाय का न्हाई तुला?"

ताराने चाटलं. आधी हिंग लागला. मग मेथीचा कडूपणा, भाजक्या डाळीची खमंग चव, जिरं, सुंठ. हळद होती, पण चिमूटभर, रंगापुरती.

"मेतकूट," ती पुटपुटली.

"मंग काय तं! परमुलखात कोण देणार तुला कालवण? भात करशील, वर हे टाकशील, तुपाचा थेंब सोडशील. म्हैनाभर पुरंल बराबर." सगुणाबाईंना आता हसू आवरेना. "दुर्गे, हिला वाटलं आपून नवरीची हळद दळून राह्यलो! अगं, नवरदेव तं दाखव कुठं हाय तो!"

दुर्गाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिठाच्या हातानंच लेकीला कवटाळलं, आणि ताराच्या पाठीवर पाचही बोटं पिवळी उमटली. तेव्हा कुठं ताराला रडू फुटलं, आणि मग ते थांबेना. पण ते रडणं वेगळं होतं. पाट फुटून पाणी वाफ्यात पसरावं तसं.

अप्पा दारात येऊन उभे होते. तोंडात लिंबाची काडी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुला वाटलं, म्या असं करीन?"

उत्तर दुर्गाबाईंनी दिलं. "वाटंल न्हाई तं काय? चतुराला काय सांगून सवरून केल्तं? आन् तुमी घरात चोरावानी गाठोडी लपवता!"

अप्पांनी काडी काढून हातात धरली. "खरं हाय," ते म्हणाले. मग ओसरीत गेले आणि मच्छिंद्रानं गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून आणून तिच्यापुढं ठेवलं.

मांडी घालून बसल्यावर समोर घ्यायचं उतरतं मेज होतं ते. झाकण वर उचललं की आत कागद ठेवायला जागा, कडेला दौतीसाठी गोल खोबण, पुढं लहानसा खण. सहा फळ्यांचं सागवान घासून घासून मधासारखं झालं होतं.

"दीनानाथरावांना पत्र घातलं म्या," अप्पा म्हणाले. "एम.ए.ला जाणाऱ्या पोरीला काय द्यावं, इचारलं. त्यांनी कळवलं, लिहायला टेबल द्या आन् उजेडाला दिवा. आता टेबल रेल्वेत कसं जाईल? मच्छिंद्र म्हणला, मांडीवरलं करू. मंग लाकूड कुठलं, असं झालं." ते थांबले. "पेटीचं होतं. पेटी काय, पुढं बघता येईल. न्हाईतं न्हाई. तेल तं म्या तुझ्यासाठीच चोळत आल्तो."

ताराने झाकणावर हात फिरवला. हातातल्या हिरव्या बांगड्या लाकडावर किणकिणल्या.

"पण मग बांगड्या? गाठोडं? कुणीच का बोललं नाही?"

"लाजच वाटली गं," दुर्गाबाई म्हणाल्या. "लेक गावाबाहेर पाठवायची म्हंजी सासरीच पाठवायची, दुसरी रीत आमाला ठावंच न्हाई. शिकायला निघालेल्या पोरीला काय देतेत, कुण्या बाईला इचारावं? मंग सगुणाबाई म्हणल्या, जे लेकीला देतो तेच द्या. ती कुठं बी जाऊ, लेक तं लेकच ना."

दिवस उजाडला आणि बाया येऊ लागल्या. भोकरदनच्या गाठोड्यातून हिरव्या काठाचं लुगडं आणि कंदील निघाला. लढाईनं रॉकेल महाग झालं होतं, म्हणून अप्पांनी त्याबरोबर तेलाचा डबाही आणला होता. कुणी कुरडया आणल्या, कुणी आरसा, कुणी शेवयांचं दुरडं. घोंगडं पसरून सगळं मांडलं तर लग्नाच्या रुखवतासारखंच दिसायला लागलं, फक्त मधोमध मेज. सगुणाबाईंनी तर दोन वितींचं जातंच आणून आदळलं.

"मावशी, हे कसं नेऊ? नागपूरला गिरण्या आहेत."

"गिरणी गाणं म्हणती का? ने गपचूप."

चतुरा सर्वांत शेवटी आली. कडेवर बाळ, हातात वही. चौथीतली. पहिल्या पानांवर शाईनं गिरवलेली मोठमोठी अक्षरं, आणि पुढं सगळी कोरी. "कागद महाग झाले म्हणतेत," ती म्हणाली. "अर्धी रिकामी हाय. वापर. फाडून टाकू नको मातर माझी पानं."

"नाही फाडणार."

"आन् काल उगीच म्हणलीस ना? मला वाटलंच होतं. पण मला बोलायची बंदी होती, नसता सांगितलंच असतं. भ्यालीस लई?"

"लई," तारा म्हणाली, आणि दोघी हसल्या, पाटीवरचं अक्षर चुकल्यावर हसायच्या तशा.

शुक्रवारी उजाडायच्या आत गाडी जुंपली. सगुणाबाई वेशीपर्यंत चालत आल्या. चाल तीच, लेक सासरी जातानाची. शब्द मात्र त्यांनी रात्रीतून बदलले होते.

*सासू न्हाई, जाऊ न्हाई, जीवाला न्हाई कोडं*
*पुस्तकाच्या गावा, निघालं लेकीचं घोडं*

जालन्याच्या ठेसनावर हमालानं जातं उचललं आणि त्याची मान वाकडी झाली. त्यानं हिरवा चुडा बघितला, लुगडं बघितलं, मेज बघितलं. "क्या पाटील, कुठं दिली लेक? सोयरे कुण्या गावचे?"

फलाटावरची चार माणसं वळून बघू लागली. ताराने अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी पागोटं सारखं केलं.

"कुठं न्हाई दिली," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं. "एम.ए.ला चाल्ली. नागपूरला. जातं जल्दी आत ठेव, गाडी सुटंल."

"लेक शिकायला, आन् संगं जातं?" हमाल कपाळ पुसत म्हणाला. "खुदा पुस्तकं तरी हलकी देवो."

मनमाडची गाडी हलली; तिथून पुढं नागपूरची धरायची होती. अप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालले, मग थांबले, मग दिसेनासे झाले. ताराने मेज मांडीवर घेतलं. बुधवारपासून कमरेला बांधलेलं फडकं तिनं सोडलं. गाठीचा वळ कातडीवर लाल उमटला होता. पदवीचा कागद आणि नागपूरचं पत्र तिनं गुडघ्यावर ठेवून सरळ केले, चतुराच्या वहीत घातले, वही खणात सरकवली आणि खण लावला.

मग मेतकुटाच्या डब्याचं झाकण थोडं उघडून तिनं बोट बुडवलं.