ग्रेगोरला खांदा

ग्रेगोर मंगळवारी गेला आणि बुधवारी सकाळी त्याचा खाणीतला सोबती इमरिख माणसं मोजायला बसला. बान्स्का श्तियावनित्सा शहराची रीत होती की, खाणकामगाराची शवपेटी वरच्या दफनभूमीत सहा खाणकामगारांनीच न्यायची, तीही काळ्या गणवेशात, एकशे चाळीस पायऱ्या चढून. शववाहिनी वळसा घालून वर जाते, पण तिच्यातून गेलेल्याबद्दल लोक पुढे वर्षभर हलक्या आवाजात बोलतात. ग्रेगोरची बायको हर्मिना एवढंच म्हणाली होती, "भावोजी, त्यांना गाडीतून नेऊ नका."

खाण बंद होऊन तीस वर्षं झालेली. चांदी आधीच सरली होती, आता माणसं सरत होती. योझेफच्या गुडघ्यात धातू होता, तरी तो हो म्हणाला. पाऊलने ग्रेगोरशी एकोणीस वर्षं अबोला धरला होता, पण मेलेल्याशी भांडत राहायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तोही आला. इमरिखला धरून ओढूनताणून पाच झाले. सहावा मिळेना.

सहावा गणवेश शहरात रोज दिसायचा. तो रादोच्या अंगावर असे. पस्तिशीतला हा धिप्पाड गडी पर्यटकांना जुन्या खाणीतून फिरवायचा. इमरिख त्याला सोंगाड्या म्हणायचा, तोंडावरही. आता त्याच्याच दाराशी जाणं आलं.

"खाणीत उतरायला लागून किती वर्षं झाली तुला?" त्याने आडून विचारलं.

"बारा. रोज चार वेळा, काका."

इमरिखने मनात गुणाकार केला. तो स्वतः बावीस वर्षं रोज एकदाच उतरला होता. उत्तर त्याला मुळीच आवडलं नाही. मग त्याने कामाचं सांगितलं. रादोने फोन काढून शनिवारची फेरी रद्द केली आणि पायऱ्या ओल्या असतात का, तेवढं विचारलं.

शनिवारी इमरिखने त्याला मागच्या टोकाला लावलं. चढावर पेटीचा सगळा भार खालच्यावर येतो, म्हणून उंच माणूस तिथे लागतो, हे खरंच. पण त्यात थोडा खवचटपणाही होता, हे इमरिखने स्वतःपाशी कबूल केलं.

खाणीत लाकूड वाहताना जो दमेल त्याने लाकडावर तीन टिचक्या मारायच्या, की सगळे थांबत. साठाव्या पायरीला इमरिखचा श्वास फुलला. सत्तराव्या पायरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तो वाट पाहत राहिला, मागून कुणीतरी टिचक्या मारील म्हणून. कुणी मारेना. शेवटी त्यानेच मारल्या.

पेटी टप्प्यावर ठेवली तेव्हा बाकीच्या चारही म्हाताऱ्यांनी एकदम सुस्कारा टाकला.

"मेल्या, किती वेळ लावलास," पाऊल म्हणाला. "मी पन्नासाव्या पायरीपासून तुझ्या भरवशावर आहे."

कठड्यापलीकडून कुणी परदेशी बाई फोटो काढत होती. तिला थांबवायला कुणी उठलं नाही. वर पोहोचेपर्यंत आणखी चारदा थांबावं लागलं, पण ग्रेगोर खांद्यावरच पोहोचला. हर्मिनाने प्रत्येकाचा हात हातात घेतला, रादोचाही.

परतताना इमरिख प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरत होता. रादो त्याच्या चालीने चालत होता.

"माझ्या वेळी तू मागेच राहा," इमरिख म्हणाला. "पण तुझ्या उंचीची आणखी दोघं बघून ठेव. मी ग्रेगोरपेक्षा जड आहे."

"बघतो," रादो म्हणाला. "फक्त उन्हाळ्यात जाऊ नका, काका. तेव्हा मला रजा मिळत नाही."