कोरियाचा ठराव आणि झुंबरची खाट

साल एकोणीसशे त्रेपन्न. यात माझी चूक व्हायची नाही, कारण त्याच साली खाजाभाईंचा फारुक पलटणीबरोबर बोटीने कोरियाला गेला. मला सणसरला नांदायला येऊन दीड वर्ष झालं होतं. माहेर सांगवीचं. तिथे सातवीपर्यंत शिकले होते, एवढ्यावर सासरी मी ‘शिकलेली सून’. मालक पुण्याला नोकरीला. घरात मी आणि सासूबाई, सरुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

आमची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, त्यामुळे पाटाचं पाणी आम्हाला नुसतं बघायला मिळायचं. सगळी भिस्त विहिरीवर, आणि विहीर सामाईक. अर्धी आमची, अर्धी सासूबाईंच्या चुलत दिरांची. त्या त्यांना सोपानभावजी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. चार दिवस आमची मोट, चार दिवस त्यांची. पहिली पाळी आमची, कारण विहिरीचं थारोळं आमच्या आजेसासऱ्यांनी बांधलं होतं. थारोळं म्हणजे मोट ज्या दगडी हौदात ओतते ते. आमच्याकडे रीतच होती: थारोळं बांधील त्याची पहिली पाळी, पुढे पिढ्यान्‌पिढ्या.

वैशाखात भांडण झालं. सोपानभावजींचा बैल लंगडा झाला म्हणून त्यांनी पाळी एक दिवस लांबवली. आत्याबाई म्हणाल्या, “बैल तुमचा लंगडा, वांगी माझी का वाळावीत?” शब्दाला शब्द वाढला, पहार हातात आली, आणि दोघांच्या ओढाताणीत थारोळ्याची मधली शिळा फुटली. कुणाच्या हातून फुटली, ते मी तिथे उभी असूनही मला सांगता येणार नाही. दोघांच्याही, असंच म्हणायला हवं.

तेव्हा मधे पडले आबासाहेब. गावातलं मोठं खटल्याचं घर, विहिरीच्या खालच्या अंगाला वीस एकर ऊस, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपलीच चूक वाटावी. ते म्हणाले, “तुमी दोघं एकमेकांचा जीव घ्याल. तंटा मिटंस्तोवर हितं माझा माणूस बसंल. शांतता ऱ्हावी म्हणून. माझा काय सवार्थ हाय?”

माणूस बसला. त्याचं नाव झुंबर. धिप्पाड, कमी बोलणारा. बरोबर एक खाट आणि आबांची एक बैलजोडी. थारोळ्याच्या जागी आबांनी पत्र्याची पन्हळ टाकली. आठवड्यातला एक दिवस आम्हाला, एक सोपानभावजींना. उरलेले पाच दिवस ‘विहिरीचं पाणी कुजू नये म्हणून’ आबांचे बैल मोट ओढायचे. न कुजलेलं ते पाणी कुठे जात होतं, ते आबांच्या उसाकडे बघून कुणालाही कळलं असतं.

आत्याबाई दर पंधरवड्याला विचारायला जायच्या, “आबा, माणूस कधी उठवता?”

“वैनी, तुमी दोघं बोलता का एकमेकांशी?”

“न्हाय.”

“मग कसा उठवू?”

सोपानभावजींनाही हेच उत्तर. आणि दोघं बोलायला काही तयार नव्हते. विहिरीवरच्या आंब्याच्या एका बाजूने हे जायचे, दुसऱ्या बाजूने त्या.

श्रावण संपता संपता बातमी आली की आबा स्वतःच्या खर्चाने नवं थारोळं बांधून देणार. इंदापूरचा गवंडी ठरला, गणपती बोळवले की काम सुरू. गावाने आबांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, “रतन, थारोळं त्येचं म्हंजी पयली पाळी त्येची. आपल्याच हिरीवर आपुन परक्या. तुझ्या पोरांना वांग्याचं रोप बी त्येला इचारून लावावं लागंल.” मला तेव्हा पोरं नव्हती. पण मला ती वांगी दिसली.

याच दिवसांत गावाला कोरियाचं वेड लागलं. खाजाभाईंचं दुकान एस. टी. थांबायची तिथे. पुण्याचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन त्यांच्याकडे यायचं आणि रावजी मास्तर ते मोठ्याने वाचायचे. लढाई थांबली होती, आपली पलटण कैद्यांची राखण करायला निघाली होती, तीत फारुक. त्यामुळे कोरिया आता गावचाच. मास्तरांनी गणपतीच्या मांडवात वादसभा ठेवली: ‘कोरियातून परकी फौजा निघाव्यात की राहाव्यात, आणि मोडलेला देश कुणी उभारावा?’

पाचव्या दिवशी दुपारी चारला मांडव भरला. बायका मागे, कनातीला टेकून. सोपानभावजी पुढे उजवीकडे. आत्याबाई मुद्दाम डावीकडे उभ्या, आणि मी त्यांच्या शेजारी. मास्तरांनी शाळेचा फळा आणून त्यावर कोरिया काढला होता. तो लांबट भोपळ्यासारखा दिसत होता. मधून एक आडवी रेघ.

“ही अडतिसावी रेघ,” मास्तर म्हणाले.

“म्हंजी बांध,” कुणीतरी म्हणालं.

“बांधच म्हणा. वर एक भाऊ, खाली दुसरा.”

“आन्‌ बांध घातला कुणी?”

“तिसऱ्यांनी.”

“मग भांडणं व्हणारच की!”

फौजा राहाव्यात या बाजूने खाजाभाई उभे राहिले. ते काही वक्ते नव्हते. म्हणाले, “हे बघा, राखणदार लगीच उठला तर दोघं पुन्हा एकमेकांच्या उरावर बसतील. जरा निवू द्या. मग उठवा.”

आबासाहेब जागेवरूनच म्हणाले, “खाजाभाई, तुझा पोरगा तिकडं हाय म्हणून तू बोलतूस.”

“व्हय आबा, माझा पोरगा तिकडं हाय म्हणूनच बोलतो. तुमचं काय हाय तिकडं?”

मांडव हसला. आबा मात्र चिडले नाहीत. ते उपरणं सावरत उठले, आणि पाऊण तास बोलले. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, पुढे इलेक्शनांतली तर फार. पण तसं नाही ऐकलं.

“भाऊ भाऊ भांडले,” आबा म्हणाले, “कबूल. डोस्की फुटली, घरं मोडली, कबूल. म्हणून सोडवायला आलेल्यानं वसरीवर खाट टाकून बसायचं? त्येंच्या इहिरीचं पानी प्यायचं? आन्‌ वर म्हणायचं, तुमच्याच भल्यासाठी बसलोय! आरं, ह्यो पाव्हणा का दरवडेखोर?”

टाळ्या पडल्या. आबांना टाळ्या आवडायच्या, आणि टाळ्या पडल्या की ते स्वतःचं ऐकेनासे व्हायचे.

“आन्‌ म्हणं आमी देश बांधून देतो! बांधून दिलं की मालकी सांगितली. मोडलेलं घर ज्याचं त्यानं बांधावं. दोन्ही भावांनी मिळून बांधावं. ह्या बाहेरच्या फौजंनं उद्या दिस उगवायच्या आत आपली खाट उचलून चालायला लागलं पायजे! हा माझा सांगावा हाय, जगाला!”

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या फळ्यावरच्या भोपळ्याकडे बघत होत्या. पण उजवीकडून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा. सोपानभावजी हसत होते. तोंडावर टोपी धरून, खांदे हलवत. त्यांनी मागे वळून बघितलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांची नजर आत्याबाईंच्या नजरेला भिडली. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत नव्हत्या.

मास्तरांनी मत घेतलं. “बायकांचे हात मोजायचे का?” कुणीतरी विचारलं. “कोरियात बायका न्हाईत व्हय?” बायकांतून छबूबाई ओरडली, आणि मोजले गेले. खाजाभाई सोडून सगळ्यांचे हात वर. मांडवाच्या दाराशी उभा झुंबर, त्याचाही. ठराव बहुमताने मंजूर झाला. मास्तरांनी तो शाईने लिहिला, आबांनी पहिली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी एस. टी.ने तो दिल्लीला जाणार असं ठरलं.

सकाळी तांबडं फुटताना मी वैरणीला निघाले, तर बांधावरून झुंबर येताना दिसला. डोक्यावर उलटी खाट, खाटेवर घोंगडं, हातात दोन्ही बैलांची दावी.

“कुठं निघालात झुंबरदादा?”

“घरला. आबांचा हुकूम हाय.”

“कधी दिला?”

“काल न्हाय का, समद्या गावाफुडं. दिस उगवायच्या आत खाट उचलायची. मी हात बी वर केला.”

“अहो, ते कोरियाचं!”

झुंबर थांबला. खाटेच्या दोन पायांमधून त्याने माझ्याकडे पाहिलं. “कोरिया मला ठावं न्हाय,” तो म्हणाला. “खाट माझीच हाय. बाजूला सरा, दिस उगवाया लागलाय.”

मी वैरण विसरून घरी पळाले. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातली भाकरी तव्यावर टाकली, ती भाजून काढली. मग तीच भाकरी फडक्यात बांधून तडक सोपानभावजींच्या दारात गेल्या. मी मागे.

भावजी दात घासत होते.

“भावजी, खाट उठली.”

“काय सांगता वैनी!”

“न्याहारी आणलीया. पहार घ्या. ह्या बारीला दगड बसवायला.”

“पन पयली पाळी कुणाची ऱ्हाईल?”

“आधी थारोळं. दोघांनी बांधलं तर जुनंच चालू. येकट्यानं आबानं बांधलं तर तुमचं बी ग्येलं न्‌ माझं बी.”

भावजींनी चूळ भरली. “बैल खरंच लंगडा हुता, वैनी.”

“वांगी बी खरंच वाळली हुती.”

एवढीच त्यांची दिलजमाई. आत्याबाईंनी आमच्या पडक्या गोठ्याची उंबऱ्याची शिळा दिली, भावजींनी गाडी जुंपली. त्यांच्या घरातल्या बायका नि मी चुना वाहिला. दुपारी शिळा बसली. वाकडी बसली, पाणी एका कोपऱ्यात साचायचं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

थोड्या वेळाने आबासाहेब आले. चेहरा पाहून मी आत्याबाईंच्या मागे सरकले. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात मागून रावजी मास्तर धावत आले, हातात ठरावाचं पाकीट. त्यांनी विहीर बघितली, खाट गेलेली बघितली, आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तर फार सरळ माणूस होते.

“आबा! याला म्हणतात पुढारी! जगाला सांगण्याआधी स्वतःच्या विहिरीपासून सुरुवात केलीत!”

“स्वतःच्या न्हवं, आमच्या,” आत्याबाई हळूच म्हणाल्या.

तोवर माणसं जमली. खाजाभाई दुकान टाकून आले होते. त्यांनी आबांना हात जोडले. “आबा, मी हरलो बघा. मला वाटलं नुसतं भाषण हाय.”

आबांनी गर्दीकडे पाहिलं, मग खालच्या अंगाच्या आपल्या उसाकडे पाहिलं, आणि मग झुंबरला शोधलं. तो सगळ्यात मागे मान खाली घालून उभा होता. कुणीतरी आबांच्या हातात नारळ दिला. आता काय करतात? फोडला. थारोळ्यावर, आमच्या शिळेवर. मास्तरांनी टाळी वाजवली, गावाने वाजवली. आबांनी इंदापूरच्या गवंड्याला येऊ नको म्हणून कळवलं.

पुढचं आता सांगून टाकते. आत्याबाई आणि सोपानभावजी दोन वर्षांनी पुन्हा भांडले, त्याच पाळीवरून. पण पहार कुणी उचलली नाही आणि मधे कुणाला बोलावलं नाही. भावजी आधी गेले. त्यांच्या तेराव्याला आत्याबाईंनी आमच्या वांग्यांची भाजी केली. त्या स्वतः एकाहत्तर साली गेल्या. पहिली पाळी तेव्हाही आमचीच होती.

फारुक पुढच्या वर्षी सुखरूप परत आला. सांगायचा, तिथल्या काही कैद्यांना दोन्हीपैकी कुठल्याच भावाकडे जायचं नव्हतं. गावाला ते पटलं नाही. त्याने बारामतीत सायकलचं दुकान काढलं, त्याचा नातू आता एमआयडीसीत आहे. खाजाभाई मरेपर्यंत म्हणायचे, मत माझं एकट्याचं होतं पण चुकीचं नव्हतं. मास्तर दिल्लीच्या उत्तराची वाट बघत निवृत्त झाले. आबासाहेब त्या थारोळ्याच्या पुण्याईवर दोनदा निवडून आले. प्रत्येक सभेत ते विहिरीची गोष्ट सांगायचे. पुढेपुढे त्यांचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसला होता. विहिरीवर पुढे इंजिन आलं, मग मोटार, आता नळ्या. थारोळ्यात आम्ही तुळस लावली आहे. आणि कोरियात परकी फौज अजून आहे, असं माझा नातू फोनवर वाचून सांगतो.

झुंबर आबांच्याच पदरी म्हातारा झाला. एकदा मी त्याला विचारलं होतं, “झुंबरदादा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला कळलं नव्हतं का?”

तंबाखू मळत तो म्हणाला, “रतनबाई, आबांनी मला ह्ये कधी इचारलं न्हाय. तुमी कशापायी इचारता?”