चार गुडघ्यांची गिटार

मी बोलतेय. अहो, इकडे, स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात! नाही, ते इस्त्रीचं टेबल नाही. शिवणयंत्रही नाही. मीच आहे ती, पेडल स्टील गिटार.

तुमचा गोंधळ झाला यात तुमची काही चूक नाही. बाकीच्या गिटारी वादकाच्या गळ्यात पडतात, मी मात्र स्वतःच्या पायांवर उभी असते, तेही चार. माझ्या पाठीवर दहा तारा, पोटाखाली पायाने दाबायची पेडलं आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. वादक खुर्चीत बसून डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो, आणि त्याच वेळी खाली पाय आणि गुडघे मारत असतो. पेडल दाबलं की तार ताणली जाते, सूर चढतो. दांडी ढकलली की दुसरी तार ढिली पडते, सूर उतरतो. वरून माणूस शांत बसलेला दिसतो. खाली बघाल तर त्याला मुंग्या चावताहेत असं वाटेल.

माझा जन्म एका लेथ मशीनच्या कारखान्यात झाला. दोन मित्र होते. एक टर्नर. दुसरा दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि संध्याकाळी बँडमध्ये साधी गिटार वाजवायचा. या भिंगवाल्याने एकदा रेडिओवर माझ्यासारखीचा आवाज ऐकला आणि त्याची तहानभूकच हरपली. "अरे, एकाच वेळी कुणीतरी हसतंय आणि रडतंय असं वाटलं," तो टर्नरला सांगत होता. "मला तसली हवी. विकत कुठे मिळत नाही. तू बनव."

टर्नरने जुन्या दाराच्या फळीतून माझं अंग कापलं आणि सायकलच्या ब्रेकच्या सळया वाकवून माझे स्नायू केले. ज्या दिवशी मी पहिल्यांदा वाजले त्या दिवशी शेजारच्या कारखान्यातला माणूस धावत आला. "कुणाचं बोट अडकलं का मशीनमध्ये?"

हा माझा पहिला रसिक.

पण भिंगवाला हटला नाही. महिनोन्‌महिने माझ्यासमोर बसून त्याने हात, पाय, गुडघे सगळे कामाला लावले. पुढे बँडवाल्यांनी त्याचं नाव 'गुडघेकाका' पाडलं. तेव्हा तो काका होण्याच्या वयाचा नव्हता, पण नाव इतकं चपखल बसलं की वय पाठोपाठ आलंच.

त्या वेळचा आमचा बँड म्हणजे एक अकॉर्डियन, एक व्हायोलिन, एक माणसाएवढं उभं बेस आणि मी. आम्ही वाजवायचो ती सगळी विरहाची गाणी. कुणाची बोट सुटलेली, कुणाचं प्रेम तुटलेलं. आणि रडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं! मी एक लांब सूर ओढला की पुढच्या रांगेत रुमाल निघायचे.

अशाच एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने रुमाल काढला नाही. ती खो खो हसत होती. कार्यक्रम संपल्यावर ती सरळ स्टेजवर आली आणि वाकून माझ्या पोटाखाली बघू लागली.

"हसायला काय झालं?" काकाने जरा गुश्शातच विचारलं.

"तुमच्या चेहऱ्यावर सुतक आणि खाली पाय बघा! मी बस चालवते. हे क्लच दिसतंय, हे ब्रेक. ॲक्सिलेटर कुठंय?"

काकाने उजव्या पायाखालचं आवाज लहानमोठा करायचं पेडल दाखवलं. ती इतकी खूश झाली की काकाचा राग पळाला. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. तेव्हापासून बँडची गाडी काकूच चालवू लागली. कार्यक्रमभर ती बाहेर गाडीत बसायची, खिडकी उघडी ठेवून. आत आम्ही वाजवतोय आणि ती स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरतेय, हे मला माहीत होतं, कारण घरी परतताना ती काकाला बरोबर सांगायची, "तिसऱ्या गाण्यात डावा गुडघा उशिरा मारलात."

मग बँड बदलत गेला. ड्रमवाला आला आणि आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. त्याच्यावर मात करायला काकाने एक स्पीकरचा पेटारा आणला. तो इतका जड की त्याला उचलताना माणसं आपापल्या देवांना हाका मारायची. त्यानंतर आवाज घुमवणाऱ्या डब्या आल्या. एक डबी दाबली की मी विहिरीत पडल्यासारखी वाजायची, दुसरी दाबली की ढगात. काकाच्या पायाशी डब्यांची आळीच्या आळी वसली. अकॉर्डियन आणि व्हायोलिन म्हातारे होऊन घरी गेले. आणि शेवटी कीबोर्ड आला.

या कीबोर्डला एक बटण होतं, आणि त्या बटणावर माझं नाव. दाबलं की म्हणे मी वाजायची! ना पाय, ना गुडघे, ना घाम. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझी एक तार आपोआप तुटली. लोक म्हणाले, गंज होता. काही गंज नव्हता.

ड्रमवाल्याच्या मुलीने पुढे ड्रम आणि बँड दोन्ही हातात घेतले. तिला सगळे 'कप्तान' म्हणत. केस बारीक कापलेले, आवाज दणदणीत, आणि लॅपटॉपमध्ये शंभर तऱ्हेचे ठेके. पहिल्याच तालमीत तिने काकासमोर हात जोडले. "काका, एक विनंती आहे. रडू नका. पळा."

"या वयात?"

"बोटांनी पळा हो."

आणि आम्ही पळालो! साठी ओलांडलेला माणूस आणि दाराची फळी, असे पळालो की नख्या तापल्या. मला कुणी सांगितलंच नव्हतं की मला हसताही येतं. लोक आता रुमाल काढत नव्हते, खुर्च्या बाजूला सारून नाचत होते. काका घरी येऊन काकूला म्हणाला, "अगं, मी चाळीस वर्षं उगीच रडवत बसलो लोकांना."

आणि अशा ऐन भरात त्याच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी नवा सांधा बसवला आणि बजावलं, "चाला, पण बाजूला झटका द्यायचा नाही. निदान सहा महिने."

बाजूला झटका! माझ्या डाव्या दांड्यांचं सगळं कामच ते. आणि नदीकाठचं नाचाचं जुनं सभागृह दुरुस्त होऊन उघडणार होतं, त्याचा पहिला मान आमच्या बँडला मिळाला होता, महिन्याभरावर. काकाने पहिला सूर जनतेसमोर लावला होता तो त्याच सभागृहात.

गॅरेजमध्ये तालीम होती. काका काठी टेकत आला आणि कीबोर्डवाल्याला म्हणाला, "तू ते बटण दाब. मी ऐकायला येईन." एवढं बोलून त्याने माझ्यावर चादर टाकली. ती टाकताना त्याने कोपरे नीट ओढून घेतले, आजारी माणसाला पांघरूण घालावं तसे.

कीबोर्डवाला बिचारा सज्जन होता. त्याने खाली मान घालून बटण दाबलं. गाणं सुरू झालं. अर्ध्यातच गॅरेजचं दार खाडकन उघडलं.

"हे काय मांजर कोंडल्यासारखं वाजतंय?" काकू दारात उभी, हातात गाडीची किल्ली.

"त्यांचा गुडघा..." कप्तान म्हणाली.

"त्यांचा गुडघा बिघडलाय. गुडघ्यांचा तुटवडा थोडाच आहे?" तिने माझ्यावरची चादर ओढली, काकाला खुर्चीत बसवलं, दुसरी खुर्ची त्याच्या डावीकडे चिकटवली आणि स्वतः बसली. "तुमचा डावा पाय मागे घ्या. आणखी मागे. हां. आता पेडलं माझी, डाव्या दांड्या माझ्या. तुम्ही हात चालवा आणि ॲक्सिलेटर सांभाळा."

"अगं, हे असं होत नसतं!"

"का नसतं? तुम्ही कुठे दांडी मारता ते मला झोपेत विचारा."

पहिला दिवस म्हणजे नुसता कल्लोळ. दोघांच्या खुर्च्या एकमेकींपासून पळायच्या. काकूचं कोपर काकाच्या बरगडीत. काका म्हणे, "आता!" की ती म्हणे, "दिसतंय मला!" आणि तोवर सूर निघून गेलेला. एकदा दोघांनी एकाच वेळी आपापली बाजू ढकलली आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की कप्तान जमिनीवर बसून पोट धरून हसली. मीही हसत होते, पण माझं हसणं कुणाला वेगळं ओळखू आलं नसणार.

खुर्च्यांवर उपाय काकूनेच काढला. डेपोतल्या भंगारातून तिने बसचं दोन माणसांचं बाक आणलं, मागे टेकायला दांडा असलेलं. बस आता कुठे पळणार नव्हती, आणि बाकही.

महिनाभर ते दोघं भांडले आणि महिनाभर वाजवत राहिले. भांडण रोज थोडं कमी आणि वाजवणं रोज थोडं जास्त. शेवटच्या आठवड्यात तर 'आता' म्हणायचीही गरज उरली नाही. काकाने श्वास घेतला की काकूचा गुडघा हलायचा.

सभागृहाचा दिवस आला. पडदा वर गेला आणि स्टेजवर बसचं बाक बघून लोकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "तिकीट घेतलं का, काका?" काकाचे कान लाल झाले. काकू मात्र ताठ बसली होती, गाडीत बसते तशी. फक्त गाणं सुरू व्हायच्या आधीच तिचे पाय माझं एकेक पेडल चाचपून बघत होते. ते मलाच कळत होतं.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसरं छान. तिसऱ्यात, अगदी टिपेच्या जागी, ड्रमवर एक झांज कानाजवळ बॉम्ब फुटल्यासारखी कडाडली. काकू दचकली. आणि इतक्या वर्षांच्या बस ड्रायव्हरने दचकल्यावर जे करायचं तेच तिने केलं. दोन्ही पाय, दोन टोकांच्या दोन पेडलांवर, गच्च दाबले.

मंडळी, एका माणसाचा उजवा पाय आवाजाच्या पेडलावर गुंतलेला असतो आणि डावा फार तर शेजारशेजारची दोन पेडलं दाबू शकतो. पहिलं आणि शेवटचं एकदम दाबणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. माझ्या दोन तारा एकदम वर चढल्या, बाकीच्या जागेवर राहिल्या आणि माझ्या पोटातून एक सूरमेळ बाहेर आला जो मी स्वतःसुद्धा कधी ऐकला नव्हता. लिफ्ट अचानक एक मजला वर जावी आणि दार बागेत उघडावं, तसा काहीसा.

बँड थबकला. काकाने काकूकडे पाहिलं. ती पुटपुटली, "चुकून ब्रेक लागला हो."

"सोडू नकोस," काका म्हणाला. "दाबून धर!" आणि त्याने कांडी त्या नव्या सुरावरून सरकवत वर नेली, वर, अजून वर. कप्तानने ठेका तिथूनच पुन्हा उचलला, दुप्पट वेगाने, आणि सभागृह असं उसळलं की नव्या छताचा रंग खाली पडला. तिकीट विचारणारा माणूस खुर्चीवर उभा राहून नाचत होता. गाणं संपलं तरी लोक ओरडत राहिले, "ब्रेक! ब्रेक! पुन्हा ब्रेक!"

त्या दिवसापासून आमच्या बँडचा सूरच पालटला. कप्तान आता प्रत्येक गाण्यात एक 'ब्रेक' ठेवते. दुसऱ्या बँडचे लोक येऊन माझ्या पोटाखाली वाकून बघतात आणि डोकं खाजवत परत जातात. कीबोर्डवरचं ते बटण आता कुणी दाबत नाही.

सहा महिने सरले. गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी काकाचा गुडघा सगळ्या बाजूंनी वाकवून पाहिला. काकू तालमीला येऊन म्हणाली, "गुडघा ठणठणीत आहे म्हणतात. नाचा, उड्या मारा, काय हवं ते करा." मग तिने पर्स उचलली. "मग मी आज समोर बसते. इतकी वर्षं बाहेर गाडीतून ऐकलं. एकदा खुर्चीत बसून ऐकते."

ती समोर जाऊन बसली. बाकाची डावी बाजू मोकळी राहिली.

काकाने वाजवायला सुरुवात केली. सगळं बरोबर. सूर बरोबर, वेग बरोबर, गुडघाही बरोबर. गाणं 'ब्रेक'च्या जागी आलं, आणि काकाचा एकटा पाय दोन टोकांमध्ये अडकला. ती जागा रिकामी गेली. कप्तान लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधल्यासारखं करू लागली.

काकाने कांडी खाली ठेवली आणि डावा गुडघा चोळला.

"अगं, दुखतोय बहुतेक अजून."

"डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या बरा आहे."

"त्यांना काय कळतं संगीतातलं?"

काकूने पर्स खुर्चीवर ठेवली. मग ती बाकाजवळ आली. "सरका," म्हणाली.

तो आधीच सरकून बसला होता.

आता उद्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनी मला नुकतंच सुरात लावलंय. माझी तब्येत उत्तम आहे, एक पाय जरा डुगडुगतो तेवढंच. तुम्ही जरूर या, नाचा, पोटभर ओरडा. फक्त एक कृपा करा. मी खालून जे बघते ते वरच्या कुणाला दिसत नाही. काकू बाकावर बसली तेव्हा काकाचा तो दुखरा गुडघा माझ्या पोटाखाली ठेक्यावर मस्त नाचत होता.

हे तिला सांगू नका.